दुरुस्तीविना स्वदेशी अपुरीच!

रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाला तेथील औद्योगिक वसाहतीचा पसाराही दिसतो. शिरूर तालुक्यातील या वसाहतीत दक्षिण कोरियाच्या आणि चीनच्या कंपन्यांचे कारखाने असून तेथे धुलाई यंत्रेही तयार होतात. स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला, ही समाधानाचीच बाब. परंतु जे यंत्र तालुक्यात जन्मते, ते तालुक्यातल्या कारागिराला दुरुस्त करता येऊ नये, हा कसला विकास?

दौंडच्या रेल्वे वसाहतीत वा शिरूरच्या पेठेत पहिल्या पिढीचे जे यंत्र आले, ते दोन टबांचे, अर्धस्वयंचलित होते. पट्टा तुटला, कपॅसिटर गेला, टायमर अडकला, तर गावातला मेकॅनिक तो बदलून देई. मोटार जळाली तर शेतीपंपाच्या मोटारी भरणारा कारागीर तीही भरून देई. घरचे यंत्र बिघडे, पण घराबाहेर जात नसे.

आज काय घडते? बेअरिंगसारखा एक लहान भाग झिजतो. परंतु अनेक यंत्रांत प्लास्टिकचा टब कायमचा जोडून टाकलेला असल्याने संपूर्ण टबच बदलावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटवर राळेचा थर ओतलेला असतो. तेथे कारागिराचे हात थांबतात. त्यात बोअरवेलचे जड पाणी हीटरवर क्षार चढवते आणि विजेचा कमी-जास्त दाब सर्किट जाळतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून गृहिणी नव्या यंत्राची चौकशी करू लागते. विक्रेत्याला हेच तर हवे असते!

नवी यंत्रे पाणी वाचवतात, हे खरे. जुनी सारीच टिकली असेही नव्हे. जी टिकली तीच आज डोळ्यांपुढे आहेत. परंतु पाणी वाचवण्यासाठी टब कायमचा बंद करावा लागतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? वस्तूचे आयुष्य मुद्दाम आखडणे हा व्यापाराचा जुना डाव आहे. १९२४ साली जिनिव्हात दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले होते.

ज्या युरोपने हा चंगळवाद जगाला शिकवला, तोच आता शहाणा होत आहे. १ मार्च २०२१पासून तेथे धुलाई यंत्रांचे अनेक सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२२च्या जुलैत केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, संकेतस्थळ सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५मध्ये मुंबईत एकात्म मानववाद मांडताना अमर्याद उपभोगावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचा धोका दाखवला होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातूनच ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. हा वारसा सांगणाऱ्यांनी केवळ ‘भारतात निर्मित’ या शिक्क्यावर संतुष्ट राहावे काय? खरी स्वदेशी तीच, जी आपल्या गावात दुरुस्त होते.

म्हणून यंत्र घेताना प्रत्येक कुटुंबाने सवलतीआधी तीन प्रश्न विचारावेत : सुटे भाग किती वर्षे मिळतील? टब उघडता येतो काय? गावातला मेकॅनिक ते दुरुस्त करू शकेल काय? उत्तर लेखी मागावे. ग्राहक गप्प राहिला, तर भंगाराचे ढीग वाढतील आणि कारागिराची विद्याही त्याच ढिगात गाडली जाईल.