खाटेवर बसवू नका, चालू द्या

प्रोस्टेट कॅन्सरचे ऑपरेशन झाले किंवा हॉर्मोनचे इंजेक्शन सुरू झाले, की आपल्या घरांत दोन गोष्टी घडतात. बाबांना खाटेवर बसवले जाते आणि भेटायला येणारे ज्यूस, बिस्किटे, पावडरचे डबे घेऊन येतात. यामागे माया असते. पण आधी वॉर्डात आणि आता वस्तीत जे पाहते त्यावरून मी स्पष्ट सांगते, ही माया त्या माणसाचे नुकसान करते.

का, ते समजून घ्या. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिथला कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर वाढतो. म्हणून बऱ्याच रुग्णांमध्ये इंजेक्शनने किंवा अंडकोष काढून तो हॉर्मोन बंद करतात. कॅन्सर दबतो. पण स्नायू आणि हाडेही त्याच हॉर्मोनवर टिकतात. तो गेला की स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, पोट सुटते, साखर वाढते, हृदयाचा धोका वाढतो. अशा शरीराला खाट आणि गोड ज्यूस देऊन आपण काय साधतो?

थकव्यावर उपाय चालणे हाच आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सुरुवात दहा मिनिटांनी करा. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा, पाण्याची एक लिटरची बाटली उचला. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जड उचलणे, उड्या, झटक्याने वाकणे टाळा. पाठ दुखून पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ताटाकडे वळू. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० लागते. म्हणून नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, लाल माठ, दही. स्नायूंसाठी डाळ, कुळीथ, चणे, अंडे, मासळी. सुकट-जवळा चांगला, पण मीठ जावे म्हणून नीट धुऊन घ्या. वसईची सुकेळी कौतुकाची, पण साखर वाढलेल्याने तुकडाच खावा. फरसाण, वडापाव, कोल्ड्रिंक कमी करा. तंबाखू, बिडी, दारू बंद.

एक खरे सांगते. भाजीपाल्याने कॅन्सर बरा होत नाही. तसे सांगून कोणी काढे, गोळ्या विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. अमेरिका-कॅनडात ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर मोठी चाचणी झाली. २०११ साली निष्कर्ष आला की ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर कमी नाही, उलट १७ टक्के जास्त आढळला. डब्याचे पैसे अंडी-डाळीवर खर्च करा.

पुरुषांना लाज आडवी येते. लघवी गळते, शरीरसंबंध जमत नाही, अंगातून गरम वाफा निघतात. हे बायकोलाही सांगत नाहीत आणि घराबाहेर पडणेच सोडतात. भाऊ, यात तुमचे पुरुषत्व कमी झालेले नाही. लघवीची नळी काढल्यावर नर्सकडून ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकून घ्या. गळती हळूहळू कमी होते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, रेडिएशन होते. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार मिळतात. पण वसई रोडहून लोकलने घरी परतल्यावर पुढची कित्येक वर्षे जी काळजी लागते, तिला योजनेत खाते नाही. ते खाते वस्तीने उघडायचे आहे.

गिरीजमध्ये आणि आसपास चालायला रस्ते आहेत. पावसाळ्यात मात्र पाणी साचते, पाय घसरतो. विहाराचे सभागृह मात्र कोरडे असते. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ते आजारी आणि वयस्क पुरुषांच्या व्यायामासाठी द्यावे, ही विहार समितीला माझी विनंती आहे. चार खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात. आणि ताईंनो, पुढच्या वेळी अशा घरी भेटायला जाताना बिस्किटांऐवजी डझनभर अंडी न्या, आणि दादांना सोबत घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून या.

जयभीम.