परताव्याचा न्याय

कर चुकविणारास शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. परंतु देय नसलेला कर ज्याने भरला, त्याचा पैसा त्यास विनासायास परत मिळावा, हे त्याच न्यायाचे दुसरे अंग होय. आयकराच्या कायद्यात हे दुसरे अंग लंगडे राहिले आहे, असे म्हणणे भाग आहे.

खोडदच्या एखाद्या शिक्षकाने कर्ज काढून नारायणगावी घर घेतले, असे समजू. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षास 2 लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. बँकेचा दाखला उशिरा हाती आला व ही वजावट मागावयाची राहून गेली, तर सुधारित विवरणपत्र भरावे लागते. बंगळूरच्या केंद्रात त्याची छाननी होते, जुनी थकबाकी असल्यास ती वळती होते आणि उरलेला परतावा खात्यात जमा होतो. त्यावर सामान्यतः दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्यास व्याज नाही.

येथवर आमची तक्रार नाही. प्रश्न मुदतीचा आहे. 2023-24 या निर्धारण वर्षाची सुधारणा 31 डिसेंबर 2023 पर्यंतच करता येत होती. त्यानंतर जादा कर भरावयाचा असेल, तर 2022 साली सुरू झालेल्या अद्ययावत विवरणपत्राचे दार उघडे आहे. 2025 साली त्याची मुदत निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून 48 महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. परतावा मागणारास मात्र त्या दाराने प्रवेश नाही. त्याने विलंबमाफीचा अर्ज करावा. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार तो पाच वर्षांपर्यंत करता येतो. पण खरी अडचण सिद्ध करावी लागते, आणि अर्ज मंजूर झाला तरी व्याज नाही ते नाहीच!

खोट्या वजावटींपासून तिजोरीचे रक्षण व्हावयास हवे, हे आम्हांस मान्य आहे. पण गृहकर्जाचे व्याज बँकेच्या दप्तरी नोंदलेले असते. ते पडताळणे कठीण नाही. निदान अशा मागण्यांस तरी अद्ययावत विवरणपत्रात स्थान द्यावे व त्यावर व्याजही द्यावे.

खोडदच्या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरील क्षीण संदेश टिपतात. त्या तबकड्यांच्या छायेत राहणाऱ्या करदात्याची रास्त मागणी सरकारी कानी पडू नये काय?