लॉर्ड पीटर विम्झी : मोनोकल उरला, फाशीचा दोर गेला

१/८ ब्रिटिश उमराव-गुप्तहेरांच्या जुन्या मालिकांना 'तो काळ हुबेहूब उभा केला' अशी दाद मिळते. या मताला माझा ठाम विरोध आहे. पोशाख, मोटारी, चांदीची भांडी हुबेहूब आहेत. काळ निसटला आहे. उदाहरण लॉर्ड पीटर विम्झीचे.

२/८ डोरोथी एल. सेयर्स यांचा हा नायक ड्यूकचा धाकटा भाऊ. 'हूज बॉडी?' (१९२३) या पहिल्याच कादंबरीत खुन्याचे नाव उमगताच तो कोसळतो. लंडनच्या घरात, मध्यरात्री, त्याला शत्रूसैनिक भुयार खणत असल्याचे आवाज ऐकू येतात. त्याला सावरतो तो सेवक बंटर. युद्धात तो त्याच्याच हाताखाली सार्जंट होता.

३/८ ही निव्वळ कल्पना नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात 'शेल शॉक'चे सुमारे ८०,००० रुग्ण नोंदले गेले. त्यावरील सरकारी समितीचा अहवाल १९२२ चा. कादंबरी पुढच्याच वर्षाची.

४/८ बीबीसीने १९७२ ते १९७५ या काळात पाच कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. 'हूज बॉडी?' त्यांत नाही. विम्झी साकारणारे इयान कारमायकेल तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. आरंभीच्या कादंबऱ्यांतला विम्झी तिशीतला. खंदकातून परतलेल्या तरुणाच्या जागी खुशालचेंडू गृहस्थ आला. 'द नाईन टेलर्स'मध्ये (१९७४) युद्धाची दृश्ये आहेत, हे मान्य. परंतु तिथे युद्ध ही पूर्वपीठिका आहे. कादंबऱ्यांत ते संपलेलेच नाही.

५/८ आता फाशी. त्या काळी खून सिद्ध झाला की कायद्याने ठरलेली शिक्षा मृत्यूची. म्हणजे कोडे सोडवणारा माणूस दुसऱ्या माणसाला वधस्तंभाकडे धाडत असे. 'बझमन्स हनीमून'चा (१९३७) शेवट याच जाणिवेवर होतो : गुन्हेगाराच्या फाशीची घटका भरते आणि विम्झी पत्नीच्या कुशीत रडतो.

६/८ बीबीसीच्या १९८७ च्या मालिकेत तीन कादंबऱ्या आल्या. 'बझमन्स हनीमून'चे हक्क मिळाले नाहीत, म्हणून ती राहिली; तो दोष निर्मात्यांचा नव्हे. 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये फाशीची टांगती तलवार आहे खरी, पण ती निरपराध स्त्रीवर. तिथे प्रेक्षकाची सहानुभूती आपसूक मिळते. खऱ्या खुन्याच्या फाशीने व्याकूळ होणारा नायक पचवणे अवघड असते.

७/८ ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित झाली आणि १९६९ मध्ये कायमची रद्द झाली. १९७२ च्या प्रेक्षकाला म्हणून गुन्हेगार पकडला जाणे हा सुखान्त वाटू शकला. सेयर्स यांच्या वाचकाला पुढची सकाळ ठाऊक होती.

८/८ मित्रहो, मालिका जरूर पाहा. पण त्यांना इतिहासाचा पुरावा मानू नका. दोन युद्धांमधले इंग्लंड समजून घ्यायचे असेल, तर या दोन कादंबऱ्या वाचा. ज्या रात्री विम्झीला झोप लागत नाही, त्या रात्री वगळून त्याचा काळ सांगता येत नाही.