सोबत जाणारं माणूस

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात अशी लगीनघाई उडाली होती की आपल्याकडच्या वैशाखातल्या मांडववाल्यानेही हात टेकावेत. ५ तारखेला अडोनिराम जडसन आणि अ‍ॅन हॅसल्टाइन यांचं लग्न. ६ तारखेला सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा. ८ तारखेला सॅम्युएल नॉट आणि रॉक्साना पेक यांचं लग्न. ९ तारखेला सॅम्युएल न्यूएल आणि हॅरिएट अ‍ॅटवुड यांचं. आणि १९ तारखेला 'कॅरव्हान' नावाचं गलबत जडसन आणि न्यूएल या दोन नवविवाहित जोडप्यांना घेऊन कलकत्त्याकडे निघालंसुद्धा. नॉट पतिपत्नी दुसऱ्या गलबताने निघाली. त्यांच्याबरोबर गॉर्डन हॉल नावाचा एक सडाफटिंगही होता.

लग्नं आधीच ठरलेली होती. गलबत सुटायचं म्हटल्यावर ती उरकून घेतली. जडसनने तर अ‍ॅनच्या वडिलांना पत्र लिहून सरळ विचारलं होतं की मुलगी पुन्हा दिसणार नाही, तिच्या वाट्याला हाल येतील, कदाचित मरणही येईल, तरी देता का? मागणी घालायची ही पद्धत कुठल्याही मुलीच्या बापाला परवडणारी नाही. त्या बापाने निर्णय मुलीवर सोपवला आणि मुलगी हो म्हणाली.

हॅरिएट अठरा वर्षांची होती. गलबतावर नुसतं बसून भूक मेली, तेव्हा ही चौघं डेकवर दोरीवरच्या उड्या मारायची. जूनमध्ये कलकत्ता आलं. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना उतरल्या पावली परत फिरायला सांगितलं, कारण आपल्या मुलखात मिशनरी कंपनीला नको होते. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसच्या वाटेला लागली. हॅरिएट गरोदर होती. समुद्रातच दिवस भरण्याआधी मुलगी झाली आणि चारपाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. ज्या कामासाठी लग्न, घर, आई सगळं एका महिन्यात आवरलं, त्या कामाचा एक दिवसही तिला मिळाला नाही. हॉल आणि नॉट पतिपत्नी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचली आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. न्यूएल पुढच्या वर्षी एकटाच तिथे आला, मराठी शिकला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला.

हे सगळं आठवायचं कारण दौंडात आहे. आमच्या ओळखीच्या घरातलं एक जोडपं आफ्रिकेतल्या मिशन हॉस्पिटलात काम करायला निघालंय. ती नर्स आहे, पुण्यात अतिदक्षता विभागात कामाचा अनुभव असलेली. तो लॅब टेक्निशियन. माहेर शिरूरचं, सासर दौंडचं, दोन्ही घरं ख्रिस्ती. बोलावणं आलं ते तिला. त्यामुळे कागदपत्रांत मुख्य अर्जदार ती आणि तो तिच्यावर अवलंबून असलेला जोडीदार. सासूबाईंनी तो कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मला म्हणाल्या, "ताई, माझा मुलगा काय बसून खाणाराय का?"

मी हसले, पण त्यांचं चुकलं नव्हतं. चुकतं ते एवढंच की हा प्रश्न दोनशे वर्षं बायकांच्या बाजूने कुणी मोठ्याने विचारला नाही. ज्या अमेरिकन बोर्डाने हॅरिएटला आणि तिच्या मागून कितीतरी जणींना इकडे पाठवलं, त्यांच्या याद्यांमध्ये नवरा मिशनरी आणि बायको 'सहायक मिशनरी' अशी नोंद असायची. बोर्डाला लग्न झालेला माणूस बरा वाटे, कारण परमुलखात घर लागलं की माणूस टिकतो. ते घर लावायचं कुणी, हे सांगायची गरज नव्हती. आजही अमेरिकेत नोकरीला निघालेल्या आपल्या कितीतरी इंजिनिअरांच्या बायका एच-४ व्हिसावर, स्वतःची इंजिनिअरिंगची पदवी बॅगेत घालून जातात. २०१५ पर्यंत त्यांना तिथे काम करायची मुभाच नव्हती. त्यानंतरही ती काहीजणींनाच मिळाली, तीसुद्धा नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पुढे सरकलं तर.

शिरूरला या 'सहायकां'चं काम बघायला फार खणावं लागत नाही. घोडनदीकाठचं हे गाव एकेकाळी कंपनीच्या फौजेची छावणी होतं. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला पुढे लोक सत्पुरुषाचं ठिकाण म्हणून मानू लागले, यावरून गावाच्या पोटात काय काय मावतं ते कळावं. मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं आणि १८४० च्या दशकात शिरूरलाही. १८५० नंतर लेम्युएल आणि मेरी बिसेल हे जोडपं काही वर्षं इथे होतं, पुढे बराच काळ विन्सर पतिपत्नी होती. विन्सरांच्या वेळी इथे मुलांना हातचं काम शिकवलं जाई. आपल्या बांधांवर फुकट उगवणाऱ्या घायपाताचा वाख काढायचा खटाटोपही त्यात होता. मेरी बिसेलबाईंनी पुढे नगरला मराठी बायकांना शिकवून घरोघर वाचून दाखवणाऱ्या बायबल-स्त्रिया तयार केल्या. ज्या काळी घरातल्या बाईपर्यंत परका पुरुष पोचूच शकत नव्हता, त्या काळी मिशनचं निम्मं काम या सहायक बायकाच करत होत्या. बिसेलांची मुलगी ज्युलिया डॉक्टर होऊन नगरला आली आणि तिथे तिने बायकांसाठी दवाखाना उभा केला. तोच पुढे मुक्तिफौजेकडे गेला. नगरकर आजही त्याला बूथ हॉस्पिटल म्हणतात.

एकटी आलेली बाई मात्र यादीत कशी लिहायची, हा त्या बोर्डालाही पेच असणार. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, लग्नाशिवाय. नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा बघून जोतिराव फुल्यांच्या मनाने उचल खाल्ली, हे आपल्याला पाठ आहे. फरारबाईंना सोबत म्हणून कुणी नवरा लागला नाही.

धर्मांतराचा मुद्दा मी टाळत नाही. या लोकांना इथली माणसं ख्रिस्ती करायची होती, ते त्यांनी कधी लपवलं नाही आणि त्यावरून झालेली भांडणं खरी होती. पण मी आज लिहितेय ते घर सोडून निघणाऱ्यांबद्दल.

दौंड तालुक्यात तर याची वेगळीच गोष्ट सापडते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी गेले. तान्ही मनोरमा कडेवर. त्याच वर्षी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचे पैसे उभे केले. १८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, ऐकू कमी येत असल्याने ते राहिलं. तिथे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिथे व्याख्यानं देत, पैसे जमवत हिंडल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे पुणं, तिथली वादळं आणि शेवटी पुण्याहून दौंडकडे येताना लागणारं केडगाव. तिथल्या माळरानावर मुक्ती मिशन उभं राहिलं आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेकडो बायका-मुली तिथे आल्या.

आपल्याकडे बाहेरून जोडपी येत होती, त्या काळात ही बाई एकटी बाहेर जाऊन परत आली. आता बोलावणारी तीच होती. दुष्काळातले मुलगे मुक्तीत कसे ठेवायचे हा प्रश्न होता. रमाबाईंनी अल्बर्ट नॉर्टन आणि त्यांच्या पत्नीला गळ घातली आणि त्या दोघांनी दौंडला मुलांचं वसतिगृह सुरू केलं. दौंड तेव्हा मनमाडच्या फाट्यामुळे गजबजलेलं रेल्वे जंक्शन होतं. एका मराठी बाईच्या शब्दावर एका अमेरिकन जोडप्याने तिथे संसार मांडला. मला ही उलटी वरात फार आवडते.

केडगावहून निघालेली आणखी एक गोष्ट याहून लांब गेली. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई, तीही बिनलग्नाची, मुक्तीत रमाबाईंबरोबर काम करायची. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची जी लाट आली, तिच्यावर तिने १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत तिने शिकागोतल्या आपल्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण मे हूवर तेव्हा नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत, व्हालपाराइसो बंदरात मिशनचं काम करत होती. ती पुस्तिका वाचून नवराबायकोने केडगावला झालं ते आपल्याकडे का होऊ नये म्हणून ध्यास घेतला आणि १९०९ मध्ये चिलीतल्या पेंटेकोस्टल चळवळीला तोंड फुटलं. आज चिलीत त्या पंथाची माणसं लाखांनी आहेत. इतिहासात नाव विलिस हूवर यांचं येतं. पुस्तिका आली होती बायकोच्या नावाने, मैत्रिणीकडून.

तर आमच्या दौंडच्या घरी सध्या सामान बांधणं चाललंय. पिवळ्या तापाची लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ते काम पुण्याला जाऊन आधी उरकलं. पोलीस पडताळणी झाली. लग्नाचा दाखला पुन्हा काढावा लागला, कारण मुलीचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर होतं. यात तीन आठवडे गेले आणि हे तीन आठवडे फक्त तिचे गेले. त्याच्या नावाला लग्नाने काहीच झालं नव्हतं. बॅगेत मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नर्सिंगच्या नोंदणीची फाइल, स्टेथोस्कोप आणि रमाबाईंनी भाषांतर केलेलं, त्यांच्या मागे १९२४ मध्ये छापलेलं बायबल. हे आजेसासूचं. कडा सुटलेल्या. वजनात बसत नव्हतं म्हणून तिने एक स्वेटर काढला. मी म्हटलं, तिथे उकडतं म्हणून का? तर म्हणाली, "मावशी, तिथे उंचावर आहे, थंडी वाजते. पण स्वेटर तिथेही मिळेल."

शिरूरला मंडळीने निरोपाची उपासना ठेवली. पाळकांनी दोघांना पुढे बोलावलं आणि ओळख करून देताना सवयीने आधी त्याचं नाव घेतलं, 'आणि त्यांच्या सौभाग्यवती' असं म्हणून तिचं. मागच्या बाकावरून तिच्या वडिलांनी, शिरूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी, बसल्या जागेवरूनच दुरुस्ती केली. लोक हसले, पाळकही हसले आणि पुन्हा सांगितलं. नवरा मुलगा सगळ्यांत जास्त हसला. त्याला तिथे काम करायची परवानगी पुढे मागायची आहे, हॉस्पिटलच्या लॅबला माणूस हवाच आहे. तोवर घर त्याचं. ते त्याने फार मनावर घेतलंय.

तिचं तिकीट झालंय, ती पुढे जाणार. त्याचा व्हिसा आल्यावर तो मागून जाईल. सासूबाईंनी त्याला सध्या ओट्यापाशी उभं केलंय. कुकरच्या शिट्या, फोडणी, कणीक, सगळं रीतसर चाललंय. परवाची आमटी खारट झाली होती, असं त्यांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पण भात जमला हो त्याला."