विश्लेषण : समुद्रालाही रात्र लागते… किनाऱ्यावरचा झगमगाट मासे आणि कासवांना कसा भोवतो?

सोलापूरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक लांब. तरीही डिसेंबर उजाडला की इथल्या गाड्या कोकणाकडे धावू लागतात. दापोली, गुहागर, मालवणच्या किनाऱ्यांवर रात्री उतरणाऱ्या पर्यटकाला रिसॉर्टचे दिवे, वाळूवर टाकलेले फोकस आणि दूर समुद्रात चमकणाऱ्या बोटींची रांग दिसते. फोटोला हे दृश्य छान असले, तरी पाण्यातल्या आणि वाळूखालच्या जिवांसाठी तो प्रदूषणाचाच एक प्रकार आहे. धूर आणि सांडपाण्याइतकी त्याची चर्चा होत नाही, एवढेच.

प्रकाश प्रदूषण समुद्रात कुठवर पोहोचते?

ब्रिटनमधील प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये पाण्याखालच्या कृत्रिम प्रकाशाचा पहिला जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार जगभरातील सुमारे १९ लाख चौरस किलोमीटर किनारी समुद्रात, एक मीटर खोलीवर, जिवांवर परिणाम होईल इतका कृत्रिम उजेड रात्री पोहोचतो. २० मीटर खोलीवरही हे क्षेत्र साडेआठ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भारताच्या एकूण भूभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे, यावरून या आकड्यांचा आवाका लक्षात यावा.

किती प्रकाश ‘जास्त’, याचे माप माणसाच्या डोळ्याने घेऊन चालत नाही. निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर जेमतेम ०.१ ते ०.३ लक्स भरतो. चांगल्या उजेडाच्या रस्त्यावर, खांबाखाली, तो १० लक्स किंवा त्याहून अधिक असतो. समुद्री जिवांची घड्याळे लाखो वर्षे चंद्राच्या त्या क्षीण उजेडावर लागलेली आहेत.

त्यात एलईडीने भर घातली. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश पिवळा होता. पांढऱ्या एलईडीमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश भरपूर असतो. पाणी लाल रंग वरच्या थरातच गिळते, तर निळा-हिरवा रंग खोल जातो. म्हणजे वीज वाचवणारा दिवा समुद्रात मात्र जास्त खोल घुसतो. गढूळ पाण्यात हा उजेड लवकर विरतो, त्यामुळे मुंबईच्या खाडीत आणि मालवणच्या स्वच्छ पाण्यात परिणाम सारखा नसतो.

पाण्याखाली नेमके बिघडते काय?

समुद्रातील सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणी प्लवक, दिवसा खोल अंधारात लपतात आणि रात्री अन्नासाठी वर येतात. पृथ्वीवरचे हे सर्वांत मोठे रोजचे स्थलांतर. वर उजेड असला की ते वर येणे टाळतात किंवा थोडेच वर येतात. त्यांच्यावर जगणाऱ्या लहान माशांचे वेळापत्रक बिघडते आणि पुढे मोठ्या माशांचेही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९मध्ये क्लाउनफिशच्या (‘निमो’ म्हणून पोरांना माहीत असलेला मासा) अंड्यांवर रात्री कृत्रिम प्रकाश ठेवून पाहिला. त्या उजेडात एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आले नाही, कारण ही पिल्ले अंधार पडल्यावरच बाहेर पडतात. प्रवाळांचेही तसेच. २०२३च्या एका अभ्यासात उजेडातील प्रवाळ आपली बीजे पौर्णिमेच्या एक ते तीन दिवस अधिक जवळ सोडत असल्याचे आढळले. शेजारची वसाहत एका रात्री आणि ही दुसऱ्या रात्री बीजे सोडू लागली, तर फलन होणार कसे?

महाराष्ट्रात वाद एलईडी मासेमारीचाच का?

कारण इथे प्रकाश हा अपघात नसून हत्यार आहे. बोटीवर जनरेटर ठेवायचा, प्रखर दिव्यांच्या माळा पाण्यावर किंवा थेट पाण्यात सोडायच्या आणि थांबायचे. उजेडाला प्लवक जमते, त्यामागे तारली, बांगडा, म्हाकूल आणि त्यांच्यामागे मोठा मासा. मग पर्ससीन जाळ्याने सगळ्याला वेढा घालायचा. जाळे मोठे-लहान असा भेद करत नाही. अंडी न घातलेला मासाही वर येतो. अशा बोटींचे गणित चंद्रावरही चालते. पौर्णिमेला दिव्याचा प्रभाव कमी पडतो, अंधाऱ्या पंधरवड्यात मासा चांगला लागतो.

केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आदेश काढून देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी घातली. किनाऱ्यालगतचे १२ सागरी मैल (सुमारे २२ किलोमीटर) राज्याच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्राने १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला आणि प्रकरणे निकाली काढण्याचे अधिकार तहसीलदारांऐवजी मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिले.

तरीही रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. रापण ओढणारा किंवा छोटी होडी घेऊन जाणारा मच्छीमार मासा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहतो. तो मासा बाहेरच उजेडाभोवती अडकला तर त्याच्या जाळ्यात काय येणार? पर्ससीनधारकांचीही बाजू आहे. डिझेल, खलाशांचा पगार, बोटीवरचे कर्ज आणि परराज्यांतून येणाऱ्या बोटींची स्पर्धा या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यावर बंदी मोडणे हा उपाय ठरत नाही.

अडचण पकडण्याची आहे. दिवे काढून ठेवता येतात, बोट बंदरात येईपर्यंत पुरावा उरत नाही आणि १२ मैलांची रेषा पाण्यावर आखलेली नसते. गंमत म्हणजे हा गुन्हा अवकाशातून दिसतो. २०११मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावरील ‘व्हीआयआयआरएस’ उपकरण रात्रीच्या समुद्रातील उजळ बोटी टिपते. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात जळणाऱ्या वायूच्या ज्योतीही त्यात दिसतात. उपग्रह दिवा दाखवतो. बोटीचा क्रमांक मात्र गस्ती नौकेलाच वाचावा लागतो.

कासवांची पिल्ले वाट का चुकतात?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर येथे ऑलिव्ह रिडले कासवे थंडीच्या हंगामात रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लाला समुद्र माहीत नसतो. ते फक्त क्षितिजाजवळच्या उजळ बाजूकडे आणि झाडी-टेकड्यांच्या काळ्या उंच आकृतीपासून दूर चालते. नैसर्गिक किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्रच. मागे रिसॉर्टचा फोकस पेटला की ते उलट फिरते. रात्रभर वाळूत भरकटलेले पिल्लू खेकडे, कुत्री, कावळे यांच्या तोंडी जाते किंवा सकाळच्या उन्हात सुकते. माद्याही प्रखर उजेडाचा किनारा टाळतात.

वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह संवर्धन सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत हलवून पिल्ले सकाळी किंवा संध्याकाळी माणसांच्या देखत सोडली जातात, म्हणून तिथे वाट चुकण्याचा धोका कमी. पण हाच प्रयत्न पाहायला येणारी गर्दी वाढली, की घरे, दुकाने, दिवे वाढतात. हा पेच अवघड आहे, कारण पर्यटनाच्या पैशावरच गावाचा उत्साह टिकतो. किमान मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश तरी रात्री वाळूवर बंद ठेवता येतो.

किनाऱ्यावरच्या दिव्यांना कायदा आहे का?

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत कासवांची विणीची जागा सर्वाधिक संरक्षित गटात मोडते. मात्र प्रकाश हाच प्रदूषक मानणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. १९८७च्या दुरुस्तीने हवा प्रदूषण कायद्यात आवाजाला ‘प्रदूषक’ म्हणून जागा मिळाली, प्रकाशाला मिळाली नाही. म्हणून समुद्रातला दिवा बेकायदा आणि वाळूकडे वळवलेला फोकस बिनबोभाट, अशी विचित्र स्थिती आहे.

फ्लोरिडात विणीच्या हंगामात किनाऱ्यावरचे दिवे झाकणे, खाली वळवणे किंवा तांबूस-पिवळे वापरणे स्थानिक नियमांनी बंधनकारक आहे. हे महाराष्ट्राला अशक्य नाही. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४च्या सुरुवातीला देशातील पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला आणि त्यासाठी परिसरातील गावांचे पथदिवे खाली तोंड करणारे बसवण्यात आले. जंगलात जे जमले, त्याची किनाऱ्यावर अजून सुरुवात व्हायची आहे.

सोलापूरकरांचा याच्याशी संबंध काय?

ताटातला बांगडा, सुरमई हा एक. दुसरा अधिक जवळचा. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका तलावात २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शहराच्या उजेडामुळे डॅफ्निया हे सूक्ष्म प्राणी रात्री कमी संख्येने आणि कमी उंचीपर्यंत वर येताना दिसले. हे प्राणी पाण्यातले शेवाळ खातात. ते वर आले नाहीत, तर शेवाळ वाढायला वाव मिळतो. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलावाच्या काठी नवे दिवे बसवताना त्यांचे तोंड फिरायला येणाऱ्यांच्या वाटेकडे ठेवायचे की पाण्याकडे, हा निर्णय निविदेतल्या एका ओळीचा आहे.