अमृताचा थेंब आणि अक्षय नीवी



घरातील देव्हारा हलविणे सोपे. तोंडातील शब्द हलविणे कठीण. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतूनही दुःखद निधनाची पत्रिका येते आणि मृताच्या नावामागे 'कै.' छापलेले असते! ज्या कैलासाच्या धन्याला आपण पहिल्याच प्रतिज्ञेने नाकारले, त्याच्याच घरी आपला बाप राहावयास गेला, असे आपण गावाला कळवितो. मागोमाग दहाव्या दिवशी रामकुंडावर पिंड, आणि प्रसंगी त्यासाठी कर्ज. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध व पिंडदान स्पष्ट शब्दांत वर्ज्य करते. मग हा प्रतिज्ञाभंग नव्हे काय?

तुम्ही म्हणाल, 'देह गेला तरी आत्मा अमर आहे; त्याची सोय नको काय?' तर मग या 'अमर' शब्दाचीच उलटतपासणी करू. 'मृ' म्हणजे मरणे. त्यास नकाराचा 'अ' लागला की 'अमर' व 'अमृत' सिद्ध होतात. ग्रीक देवांचे 'अँब्रोसिया' हे अन्नही याच कुळातले. शब्द केवळ नकार सांगतो. न मरणारे असे नेमके काय, हे तो सांगत नाही. ती रिकामी जागा ज्याने त्याने आपल्या सोयीने भरली. शतपथ ब्राह्मणाने पूर्ण आयुष्य जगणे हेच मनुष्याचे अमृतत्व मानले. पुराणांनी त्याचा घडा केला. त्या घड्याचा थेंब नाशकात पडला म्हणून दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो.

पण ती कथा नीट वाचा. समुद्र देवांनी व असुरांनी मिळून घुसळला. श्रम दोघांचे, अमृत मात्र एकाचेच! पंगतीत येऊन बसलेल्या राहूचे मस्तक उडविले गेले. अमृताच्या वाटपातही पंक्तिभेद! याच नाशकात २ मार्च १९३० पासून आपल्या वाडवडिलांनी काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह केला. वर्षे लोटली, दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. ज्या क्षेत्राने जिवंतांना दार लावले, त्याच्याकडे मेलेल्यांसाठी मुक्ती मागावी?

'म्हणजे बौद्धांच्या मते मेल्यावर सारे व्यर्थ!' असा टोमणा कोणी मारील. तोही चूक आहे. भगवंतांनी शाश्वतवाद नाकारला, तसाच उच्छेदवादही नाकारला. 'अमत' हा शब्द त्यांनी टाकला नाही, त्याचा अर्थ पालटला. धम्मपद अप्रमादाला, म्हणजे अखंड जागृतीला, अमताचा मार्ग म्हणते. 'निर्वाण' म्हणजे विझणे. विझावयाचा आहे तो लोभ, द्वेष व मोह यांचा अग्नी, आणि तोही याच जन्मी. येथे ना पुरोहित लागतो, ना दक्षिणा.

आता त्रिरश्मीच्या डोंगरावर चला. गाव त्यांना अजून पांडवलेणी म्हणते. पण दहाव्या लेण्यातील लेखात पांडव नाहीत, हिशेब आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी 'अखयनिवि', म्हणजे अक्षय नीवी, स्थापिली. ३,००० कार्षापणे दोन विणकर श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. व्याज वर्षाला २४०, खर्चही २४०! मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच तेवढे भोगावयाचे; आणि सारा व्यवहार निगमसभेत नोंदविलेला. ती नाणी आज नाहीत, त्या श्रेणीही नाहीत. संस्कार सारे अनित्यच. परंतु दात्याच्या हातून सुटलेले धन परक्या माणसांची थंडी निवारीत राहिले. माझ्यासारख्या वकिलाला 'अक्षय' शब्दाचा याहून चोख अर्थ ठाऊक नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. पत्रिकेवरून 'कै.' काढा. पालीत मृताला 'कालकत', म्हणजे ज्याने आपला काळ पुरा केला तो, म्हणतात. आपल्यात रूढ झालेला 'कालकथित' हा शब्द तोच अर्थ वाहतो. आणि पिंडावर जाणारा पैसा पुण्यानुमोदनाच्या दिवशी आई-बापांच्या नावे बँकेत ठेवा. मुद्दलाला हात लावू नका. व्याजातून वस्तीतील एका मुलीची पुस्तके घ्या. आपली आई ज्या अक्षरांवाचून गेली, ती अक्षरे त्या मुलीच्या मुखातून उमटतील. एवढे अमृत आपल्या हातचे आहे. ते कोणाच्या घड्यातून मागावयाचे नाही.

जय भीम!