उपयोगाचा प्रश्न

संशोधनासाठी पैसा मागितला की ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु तो फार लवकर विचारला जातो, असे आमचे मत आहे.

इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४५ मध्ये प्लाटिनम, क्लोरीन व अमोनिया यांचे एक पिवळे संयुग सिद्ध केले. पुढे शंभरांहून अधिक वर्षे रोग्यांच्या दृष्टीने ते निरुपयोगीच होते. मग अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग यांनी जंतूंच्या द्रवातून विद्युत्प्रवाह सोडून पाहिला. जंतूंचे विभाजन थांबले. ते नुसते लांबत गेले, कित्येक तर तीनशेपट! हे विजेचे कार्य नव्हे, असे १९६५ च्या निबंधात दिसून आले. विद्युदग्रांचे प्लाटिनम, जे अविकारी समजले जाई, किंचित विरघळून द्रवात तशाच प्रकारची संयुगे बनत होती.

पेरोने यांचे संयुग १९७८ मध्ये अमेरिकेत ‘सिसप्लाटिन’ या नावाने कर्करोगावरील औषध म्हणून मान्य झाले. वृषणाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रोगी आज इतर औषधांच्या जोडीने त्यामुळे बरे होतात. मूत्रपिंडांस व श्रवणशक्तीस ते अपाय करते, हेही सांगितले पाहिजे.

याच अणूंची मांडणी बदलली की औषधी गुण जवळजवळ नाहीसा होतो. ती मांडणी आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्येच उलगडली होती, आणि तीही निव्वळ जिज्ञासेपोटी.